सोडलेल्या पिल्लांचा आकडा

1983 साली वास्तुकलेसाठीचा आगा खान पुरस्कार मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दोन जोडवास्तूंना मिळाला. एक तांजुंग जारा हे हॉटेल आणि दुसरं तिथून जवळच, रांताऊ आबांगच्या पुळणीवर बांधलेलं पर्यटक केंद्र. लाकडी बांधणी, खांबांवर उचललेल्या खोल्या, जुन्या मलय राजवाड्यांची ठेवण. एवढ्या आडबाजूला असं केंद्र उभारायचं कारण होतं लेदरबॅक कासव. मलय भाषेत त्याला पेन्यू बेलिंबिंग म्हणतात. बेलिंबिंग म्हणजे करमळ. त्या फळासारख्या उभ्या धारा या कासवाच्या पाठीवर असतात. (कोकणातल्या आंबट बिलिंबीचं नावही याच मलय शब्दावरून आलेलं आहे.) दीड मीटरहून लांब, तीन-चारशे किलो वजनाची मादी रात्री समुद्रातून वर सरपटत येते, हे बघायला देशोदेशीचे लोक तेरेंगानू राज्यात येत.

1950च्या दशकात या किनाऱ्यावर लेदरबॅकची वर्षाला दहा हजारांच्या आसपास घरटी होत. 1968 साली अंडी घालायला आलेल्या माद्यांचा अंदाज होता 3103. 1994 साली तो होता 2. त्यानंतर एखाद्या वर्षी एखादी चुकार मादी येऊन गेली असेल, पण ही वसाहत संपल्यात जमा आहे.

याचा दोष पर्यटकांवर टाकायची पद्धत आहे, आणि पर्यटकांनी तिथे जे केलं ते वाचून टाकावासाही वाटतो. मादीच्या तोंडावर विजेऱ्या मारणं, वल्ह्यांसारखे तिचे पाय ओढणं, पाठीवर बसून फोटो काढणं, पुळणीवर शेकोट्या पेटवणं, हे सगळं झालं. 1988 साली किनाऱ्याचा काही भाग अभयारण्य म्हणून राखून ठेवावा लागला तो त्यामुळेच. पण हिशेब मांडला तर पर्यटक हा त्यातला छोटा गुन्हेगार ठरतो. लेदरबॅकची मादी एका हंगामात पाच-सहा वेळा अंडी घालते आणि मग दोन-चार वर्षं फिरकत नाही. पिल्लू मोठं होऊन अंडी घालायला परत यायला दशकभराहून जास्त काळ लागतो; हिरव्या कासवाला तर वीस-तीस वर्षं. तेरेंगानूत किनाऱ्याचे तुकडे पाडून अंडी गोळा करायचे परवाने दिले जात, आणि परवानाधारक जवळजवळ प्रत्येक घरटं उकरून अंडी बाजारात पाठवी. जुन्या माद्या येतच राहिल्या, म्हणून पुळण भरलेली दिसत राहिली. खालून नवी पिढी येत नव्हती हे दिसायला वीस वर्षं जावी लागली. तोवर 1970च्या दशकापासून ट्रॉलर वाढले, रे माशांसाठी लावलेल्या मोठ्या आसाच्या (म्हणजे मोठ्या भोकांच्या) जाळ्यांत आणि भर समुद्रातल्या मैलोगणती तरंगत्या जाळ्यांत मोठी कासवं मरू लागली. पिल्लं नव्हतीच, आता मोठीही गेली.

मग कोणीच काही केलं नाही का? केलं, आणि पर्यटकांसमोर पिल्लं सोडावीत का या आजच्या वादासाठी तोच भाग महत्त्वाचा आहे. 1961 पासून मत्स्य विभाग रांताऊ आबांगला हॅचरी चालवत होता. गोळा करणाऱ्यांकडून थोडी अंडी विकत घ्यायची, कुंपण घातलेल्या वाळूत पुरायची, पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. दर वर्षीच्या अहवालात सोडलेल्या पिल्लांचा आकडा छापून येई, आणि तो कधीच लाजिरवाणा नसे. आकडा चांगला दिसत होता, कासवं संपत होती. पुढे चान एंग हेंग आणि लिऊ हॉक चार्क या शास्त्रज्ञांनी हॅचरीतल्या वाळूचं तापमान मोजलं आणि 1995 साली जे प्रसिद्ध केलं ते वाचून हसावं की रडावं कळत नाही. उघड्या उन्हातल्या त्या वाळूत इतकी ऊब होती की निघणारी पिल्लं जवळपास सगळी माद्या असणार. कासवाचं लिंग अंडं घालताना ठरत नाही. ते उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण 29 अंशांच्या आसपास नर-मादी निम्मे निम्मे. दोन-तीन अंश वर गेलं की सगळ्या माद्या, तितकंच खाली गेलं की सगळे नर. साबा राज्यातल्या गुलिसान बेटावरच्या उघड्या हॅचरीतली हॉक्सबिल कासवाची पिल्लंही सगळी माद्या निघाली, असं 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

मलेशियात समुद्री कासवांच्या नावानं चालणाऱ्या पर्यटनाचा मुख्य प्रयोग, म्हणजे पाहुण्यांपुढचा कार्यक्रम, आजही पिल्लं सोडण्याचा आहे, आणि संवर्धनाचं यश मोजायचं माप म्हणून तो साफ निरुपयोगी आहे. उलट त्या प्रयोगाची वेळ पर्यटकांच्या सोयीनं ठरते तिथे तो कासवांचं नुकसान करतो. पर्यटन बंद करावं असं आम्ही म्हणत नाही. पर्यटकाला काय दाखवायचं ते बदलावं, एवढंच म्हणणं आहे.

पिल्लाचा पहिला दिवस कसा असतो ते नीट पाहिलं की मुद्दा कळतो. अंड्यातून बाहेर पडल्यावर पिल्लं लगेच वर येत नाहीत. तीन ते सात दिवस ती वाळूतच असतात, सगळी मिळून वरची वाळू खाली पाडत इंच इंच चढतात. वरची वाळू तापलेली असली की थांबतात, थंड झाली की निघतात. म्हणून ती रात्री बाहेर येतात. बाहेर आल्यापासून साधारण एक दिवसभर ती न थांबता धावतात आणि पोहतात. पोटात शिल्लक राहिलेल्या बलकावर हा सगळा खेळ चालतो. काठाजवळच्या उथळ पाण्यात खाणारे मासे जास्त, म्हणून हा पट्टा अंधारात आणि झपाट्यानं ओलांडायचा, एवढाच त्यामागचा हेतू. आता हॅचरीतला नेहमीचा दिवस बघा. पिल्लं पहाटे दोनला वर येतात. रखवालदार ती टबात ठेवतो, कारण पाहुणे संध्याकाळी सहाला यायचे आहेत. सोळा तास पिल्लं टबाच्या भिंतीला धडका देत राहतात. मलेशियाच्याच हॅचरींत झालेल्या मोजणीत, अशी अडकवून ठेवलेली पिल्लं नंतर हळू पोहतात असं दिसलं आहे. वर ती सोडायची कुठे, तर रोज त्याच जागी, मंडपासमोर. मासे ही वेळ आणि जागा शिकतात. उजेडात, दमलेली, एका ओळीत सोडलेली पिल्लं म्हणजे त्यांच्यासाठी वाढलेलं पानच. काही ठिकाणी पिल्लू हातात देऊन फोटोही काढू देतात. हातावरचा डास पळवणारा मलम त्या कातडीला काय करतो याचा विचार कोणी केलेला नसतो.

हॅचरीच नको, असं काही जण म्हणतात. ते आम्हाला पटत नाही. अंडं पुळणीवर राहिलं तर चोर नेणार किंवा उधाणात बुडणार, अशा ठिकाणी हलवणं भागच आहे. पण हलवणं हे नाजूक काम आहे आणि त्यात चुका ठरलेल्या असतात. घातल्यापासून दोन-तीन तासांत अंडी नव्या खड्ड्यात गेली पाहिजेत. त्यानंतर गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, आणि अंडं गोल फिरलं की मरतो. बाहेरून अंडं तसंच पांढरं दिसतं. दोन महिन्यांनी खड्डा उकरला की कळतं. खड्डा मडक्यासारखा हवा, गळा अरुंद आणि पोट रुंद. हिरव्या कासवासाठी तळ साधारण सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटरवर. मजूर थकला की खड्डा सरळ आणि उथळ होतो. उथळ खड्डा तापतो, तापला की माद्या निघतात, आणखी तापला, तेहेतीस-चौतीस अंशांच्या वर गेला, की गर्भच दगावतात. दोन खड्ड्यांत मीटरभर अंतर हवं, कारण वाढणारे गर्भ स्वतःही उष्णता सोडतात आणि श्वासाला हवा घेतात. एकाच जागी वर्षानुवर्षं हॅचरी ठेवली तर वाळूत कुजकी टरफलं आणि बुरशी साठते, मग मुंग्या आणि खेकडे येतात; म्हणून जागा दर हंगामात बदलायची. पण कुंपण पक्कं बांधलेलं, फलक लावलेला, पर्यटकांसाठी बाकडी टाकलेली. अशी हॅचरी कोण हलवणार? हॅचरीच्या शेजारी काँक्रीट दिसलं की समजावं, जागा बदलत नाहीत.

याची दुसरी बाजू सेलिंगान बेटावर दिसते, आणि ती प्रामाणिकपणे मांडायला हवी. साबा राज्यात सांदाकान बंदरापासून चाळीसेक किलोमीटरवर सेलिंगान, बाकुंगान केचिल आणि गुलिसान अशी तीन बेटं आहेत. मलेशियातली पहिली कासव-हॅचरी सेलिंगानवर 1966 सालची म्हणून सांगतात. रांताऊ आबांगची त्याआधीची, पण राज्यं वेगळी, अभिमान वेगळे. 1977 साली तिन्ही बेटांचं आणि भोवतीच्या समुद्राचं राष्ट्रीय उद्यान झालं. पाहुण्यांना राहायची सोय फक्त सेलिंगानवर, तीही मोजक्यांची. दिवस मावळला की पुळण पाहुण्यांना बंद. सगळे उपाहारगृहात बसून राहतात. रखवालदाराची हाक आली की एका मादीजवळ जायचं, तीही अंडी घालायला बसल्यावरच. त्या रात्रीपुरती ती एकच मादी. बाकीच्या डझनभर आल्या तरी त्या पाहुण्यांसाठी नाहीत.

हा नियम वाटतो तितका साधा नाही. मादी पुळणीवर येते तेव्हा पहिला अर्धा-पाऊण तास सगळ्यात धोक्याचा. ती वर सरकते, थांबते, पुढच्या पायांनी वाळू उडवून अंगाएवढी खोलगट जागा करते, मग मागच्या पायांनी आळीपाळीनं ओंजळ भरून वाळू काढत खड्डा खणते. या टप्प्यात उजेड दिसला, कोणी हललं, तर ती अंडी न घालता परत फिरते. काही वेळा दुसऱ्या रात्री येते, काही वेळा नाही. अंडी पडायला लागली की मात्र ती सहसा उठत नाही. पंधरा-वीस मिनिटांत शंभरेक अंडी पडतात. मग खड्डा बुजवून ती बराच वेळ वाळू उडवत राहते, नेमकी जागा कळू नये म्हणून. सेलिंगानचा नियम या क्रमावर बेतलेला आहे, म्हणून तो टिकला. शिवाय ज्या बेटांवरून पूर्वी अंडी गोळा होत तिथे चार-पाच दशकं रोज रात्री पहारा आहे, आणि हिरव्या कासवांची घरटी तिथे वाढली आहेत. पर्यटकांचं येणं तिथे पहाऱ्याशी जोडलेलं आहे. हे नाकारण्यात अर्थ नाही.

तरी सेलिंगानलाही रात्रीच्या शेवटी पिल्लांची टोपली रिकामी करण्याचा प्रयोग आहेच. रात्री होतो म्हणून तो बरा, एवढंच.

आम्हाला पटणारा नमुना रेदांग बेटाच्या उत्तर टोकावरच्या चागार हुतांगचा आहे. तेरेंगानूच्या विद्यापीठातलं समुद्री कासव संशोधन केंद्र, ज्याला सगळे सीट्रू म्हणतात, 1993 पासून तिथे काम करतं. पुळण जेमतेम साडेतीनशे मीटरची. 2005 साली ती अभयारण्य झाली. तिथली अंडी शक्यतो जिथे घातली तिथेच ठेवतात. काही घरटी उघड्या वाळूत, काही झाडांच्या सावलीत, म्हणून काहींतून माद्या निघतात, काहींतून नर. छप्पर घालून, पाणी शिंपडून जे साधायचं ते झाडं फुकट करतात. 1998 पासून तिथे स्वयंसेवक घेतात. आठवडाभर राहायचं, पैसे भरायचे, रात्री पाळ्या करायच्या, मादी दिसली की संशोधकाला कळवायचं, घरट्याची जागा नोंदवायची, सकाळी घोरपडींनी काही उकरलंय का ते बघायचं. हॉटेल नाही. वीज मोजकी. पिल्लं दिसतील याची हमी नाही. असा आठवडा काढायला पैसे मोजून लोक येतात, हीच आमच्या म्हणण्याची सगळ्यात मोठी साक्ष आहे. हमखास दाखवल्याशिवाय पर्यटक येत नाही, हे धंद्यातल्या लोकांनी स्वतःला सांगितलेलं सोयीचं वाक्य आहे.

यावर नेहमीचा आणि वजनदार आक्षेप पैशाचा आहे. एका घरट्यात शंभर अंडी, आणि तेरेंगानूच्या बाजारात एका अंड्याला काही रिंगिट मिळत. मच्छीमाराच्या घरात एका रात्रीत येणारी ती रक्कम छोटी नव्हती. स्वयंसेवकांच्या आठवड्यानं ती भरून निघते का? सगळीकडे नाही निघत, हे मान्य केलं पाहिजे. म्हणूनच बंदीचा कायदा इतका लांबला. तेरेंगानूनं लेदरबॅकच्या अंड्यांवर 1980च्या दशकाच्या अखेरीस बंदी आणली, म्हणजे लेदरबॅक संपत आल्यावर. बाकीच्या कासवांची अंडी त्यानंतरही तीन दशकं क्वाला तेरेंगानूच्या पासार पायांग बाजारात उघड विकली जात होती. पिंगपाँगच्या चेंडूंसारखी ढीग लावून. सगळ्या कासवांच्या अंड्यांच्या विक्रीवर आणि खाण्यावर बंदी लागू झाली 1 जून 2022 रोजी. साबा आणि सारावाक या राज्यांत ती 1990च्या दशकातच आली होती. बंदीनंतर अंड्यांचा भाव गुपचूप चढतो, आणि पूर्वीच्या परवानाधारकाला पर्याय दिला नाही तर तो चोर होतो. ज्याला पुळणीचा वास घेऊन मादी कुठे चढली ते सांगता येतं, असा माणूस पहारेकरी म्हणून पगारावर ठेवायचा. हे पर्यटनाच्या पैशातून होऊ शकतं, आणि जिथे होतं तिथेच पर्यटनाला संवर्धन म्हणावं. पैसा बोटवाल्या कंपनीकडे आणि रिसॉर्टकडे जाऊन गावाला फक्त टी-शर्ट विकायला मिळत असतील, तर अंडी चोरणाऱ्याला उपदेश करायचा अधिकार पाहुण्यांनाही नाही.

पण पुळण कितीही नीट राखली तरी निम्मा प्रश्न समुद्रात उरतो, आणि तिथे मलेशियाची राज्यघटना आडवी येते. ही विनोदी वाटणारी गोष्ट खरी आहे. घटनेच्या नवव्या अनुसूचीत समुद्रातली मासेमारी हा संघराज्याचा विषय आहे, कंसात ‘कासवं वगळून’. आणि राज्यांच्या यादीत ‘कासवं आणि नद्यांतली मासेमारी’ असं कलम आहे. म्हणजे मादी वाळूवर असताना राज्याची, पण तिला बुडवणारं जाळं केंद्राच्या अखत्यारीत. राज्यानं हॅचरी काढायची, फलक लावायचे, पिल्लं सोडायची. जाळ्यांना हात लावायचा तो दुसऱ्यानं. पिल्लांचा आकडा इतका लाडका का झाला याचं अर्धं उत्तर इथे आहे: राज्याला जे करता येतं तेच मोजलं गेलं.

जाळ्यांवर उपाय आहेत. रे माशांसाठी वापरली जाणारी दहा इंचांहून मोठ्या आसाची जाळी 1990च्या सुमारास बंद झाली, लेदरबॅकसाठी उशिराच. कोळंबीच्या ट्रॉलरसाठी टेड आहे: जाळ्याच्या पोटात शेपटाच्या आधी तिरकी बसवलेली धातूची जाळीदार चौकट. गजांमध्ये दहा सेंटिमीटरचं अंतर, त्यातून कोळंबी मागे जाते. कासव गजांवर आपटून घसरत झडपेतून बाहेर पडतं. चौकटीचा कोन साधारण पंचेचाळीस अंशांच्या अलीकडे-पलीकडे लागतो. फार उभी बसवली तर कासव गजांना चिकटून राहतं आणि बुडतं, फार आडवी झाली तर झडपेतून कोळंबी निसटते आणि तांडेल चौकट काढून कोपऱ्यात टाकतो किंवा झडप दोरीनं शिवून टाकतो. साबामध्ये तांडेलांना बरोबर घेऊन ती बसवण्याचं काम 2007 पासून चाललं. द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर 2017 पासून टप्प्याटप्प्यानं सक्ती आली. याआधी मलेशियानं काय केलं होतं? टेड न वापरणाऱ्या देशांची कोळंबी अमेरिकेनं नाकारली तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड हे चौघे मिळून जागतिक व्यापार संघटनेत गेले. 1998 साली अमेरिकेची पद्धत भेदभावाची ठरली, पण कासवांसाठी अट घालणं मात्र गैर ठरलं नाही. अमेरिकेनं पद्धत सुधारल्यावर एकटा मलेशिया पुन्हा भांडायला गेला आणि 2001 साली हरला. भारताचं शेपूट अजून अडकलेलं आहे: आपली समुद्रातली कोळंबी 2019 पासून अमेरिकेला चालत नाही, कारण तेच.

आता वाचणाऱ्याच्या कामाचं. 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना मलेशियात 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. निघण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-पत्र भरलं की झालं. क्वालालंपूर, गेंटिंग, लांगकावी या ठरलेल्या सहलीत आता पर्हेंतियान आणि रेदांग या बेटांची नावं येऊ लागली आहेत. पूर्व किनाऱ्यावर घरट्यांचा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसाळी वाऱ्यांत बेटं बंदच असतात. साबामध्ये कासवं बारा महिने येतात, जुलै ते ऑक्टोबर जास्त. पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारायचे प्रश्न थोडेच. पिल्लं किती वाजता सोडता? ‘पाहुणे आले की’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबावं. अंडी का हलवता, आणि हॅचरीवर सावली आहे का? मादीजवळ किती जण, आणि कुठल्या टप्प्यावर नेता? कासव आलं नाही तर पैसे परत देता का? या शेवटच्या प्रश्नाला ‘नाही, देत नाही’ हे चांगलं उत्तर आहे. परताव्याची हमी देणारा माणूस कुठून तरी कासव पैदा करणारच.

पर्हेंतियानला कासवांसोबत पोहण्याचा धंदा वेगळा आणि जास्त बेबंद आहे. समुद्री गवत चरणारं हिरवं कासव काही मिनिटांनी श्वासाला वर येतं, आणि त्याच वेळी वर पाच बोटी आणि तीस लाइफ जॅकेट असतात. ते परत खाली जातं, पुन्हा यायचं तर पुन्हा तेच. घाईत वर आलेल्या पाठीवर बोटीच्या पंख्याच्या पात्याचे घाव बसतात. बोटवाला कासव धरून वर आणत असेल तर त्याला बक्षिसी देऊ नये. नाराजी दाखवण्याचा त्याला कळणारा हा एकच मार्ग आहे. तिथल्या एका प्रकल्पात गालावरच्या खवल्यांच्या नक्षीवरून एकेक कासव ओळखतात. प्रत्येकाची नक्षी वेगळी असते, त्यामुळे दुरून काढलेला डाव्या-उजव्या गालाचा स्पष्ट फोटो उपयोगी पडतो. स्वतःच्या सेल्फीपेक्षा तो नक्कीच.

वेळास, आंजर्ले, गुहागरच्या लोकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. तिथे कोल्ह्या-कुत्र्यांपासून आणि चोरांपासून ऑलिव्ह रिडलेची अंडी वाचवली गेली, गावाला घरगुती मुक्कामाचं उत्पन्न मिळालं, आणि हे काम मोठं आहे. पण महोत्सवात पिल्लं सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडली जातात, आणि फोनवर पहिला प्रश्न येतो तो ‘पिल्लं हमखास दिसतील ना?’ हाच. कासवमित्रांनी या प्रश्नाला कडक उत्तर द्यायला मलेशियाचा चाळीस वर्षांचा अनुभव पुरेसा आहे.

पर्यटकाला पिल्लांऐवजी काय दाखवावं, याचं आमचं उत्तर थोडं घाण आहे. पिल्लं निघून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी घरटं उकरतात. हातमोजे घालून, पोटावर पडून, कोपरापर्यंत हात खाली घालून सगळं बाहेर काढायचं. वास असह्य असतो. टरफलं वेगळी करायची. अर्ध्याहून मोठा तुकडा म्हणजे एक फुटलेलं अंडं, बारीक चुरा मोजायचा नाही. न फुटलेली अंडी एकेक फाडून बघायची: आत नुसता बलक, की डोळा दिसणारा गर्भ, की पूर्ण वाढून कवचाला चोच मारता मारता मेलेलं पिल्लू. मुंग्या लागलेली वेगळी, बुरशी धरलेली वेगळी. मधेच तळाशी अडकलेलं एखादं जिवंत पिल्लू सापडतं. ते ओल्या वाळूवर अंधारात ठेवून रात्री सोडायचं. मग वहीत एका रकान्याखाली दुसरा: घातलेली, फुटलेली, वर आलेली, मेलेली आणि कशानं. चागार हुतांगला आठवडा काढणाऱ्या स्वयंसेवकाच्या हातून अशी घरटीही होतात.